वीज जाऊन आली की फायरवॉलचं लॅन कार्ड रुसतं : जुना संगणक, पीएफसेन्स आणि दोनदा बदललेलं कार्ड

उंबरठा
सोमवार, रात्री ९:४०

घरातल्या नेटवर्कच्या तोंडाशी एक जुना संगणक फायरवॉल (आत-बाहेरची रहदारी गाळणारा पहारेकरी) म्हणून बसवला, त्याला आता दीड वर्ष होईल. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर२ मेमरी, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी १२० जीबीची एसएसडी. त्यावर पीएफसेन्स या फायरवॉलच्या प्रणालीची २.७ मालिका. इंटरनेटची तार बोर्डावरच्या पोर्टात, घराची तार पीसीआय स्लॉटमधल्या कार्डात. मॉनिटर, कीबोर्ड काही जोडलेलं नाही, सगळं दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून बघते.

चालू असतो तेव्हा इतका गुपचूप चालतो की त्याची आठवणही येत नाही. घोटाळा होतो वीज गेल्यावर. दहापंधरा मिनिटांत आली तर काहीच होत नाही, मशीन आपणहून उठतं. रात्रभर गेली की सकाळी मशीन बंद. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण नेटवर्कवर कुठे दिसत नाही. बटण दाबून धरून बंद करायचं, परत चालू करायचं, मग उठतं. उठल्यावरही धड नाही. लॅन दर दोनचार मिनिटांनी तुटतं, लॉगमध्ये 'वॉचडॉग टाइमआउट' अशी ओळ पडत राहते. आणि मधल्या वेळात, लॅन जागेवर असतानासुद्धा, साइट उघडत नाहीत. आकड्यांच्या पत्त्याला पिंग केलं तर उत्तर येतं, नावाने केलं तर येत नाही.

पहिल्यांदा वाटलं कार्ड जुनं आहे. ८१३९ चिपचं १०० मेगाबिटचं होतं. ते काढून इंटेलचं प्रो/१००० जीटी बसवलं. महिनाभर उत्तम. पुन्हा रात्रभर वीज गेली, पुन्हा तेच. तसंच दुसरं कार्ड मिळवलं, बसवलं. परत तीन आठवडे उत्तम, परत तेच. केबल बदलल्या, पीएफसेन्स नव्याने टाकून कॉन्फिगरेशन परत भरलं, हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करून पाहिलं. दर वेळी केस उघडली की मॉनिटर लावून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाते आणि नको ते बंद करते (साउंड, पॅरलल पोर्ट, जादाचे यूएसबी). म्हणजे त्या बाजूने काही राहिलेलं नाही.

कार्ड आणि बोर्ड यांचं जमत नाही असं समजून तिसरं कार्ड शोधू का? हे मशीन मला टिकवायचं आहे.


सुटेभाग
सोमवार, रात्री १०:२५

तिसरं कार्ड आत्ता शोधू नका. दोन वेगवेगळ्या चिपची कार्डं अगदी एकाच तऱ्हेने बिघडत असतील तर संशयाची सुई कार्डावरून काढलेली बरी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. 'कार्ड चालत नाही' यात तीन निरनिराळे आजार येतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

कन्सोलच्या मेन्यूत ८ दाबून शेलमध्ये जा आणि 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' चालवा. पीसीआय बसवर जे जे सापडलं त्याची यादी येते. कार्ड त्या यादीतच नसेल तर ते ड्रायव्हरपर्यंत पोहोचलेलंच नाही. स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही, संपर्काच्या पट्ट्या काळ्या पडल्यात, स्लॉट मेलाय किंवा बायोसने वाट अडवली आहे. तिथे सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून उपयोग नाही. यादीत आहे पण नावाच्या जागी 'नन' आणि पुढे आकडा असेल, तर कार्ड दिसतंय, त्याला ओळखणारा ड्रायव्हर मात्र नाही. अशा वेळी तिथला व्हेंडर आणि डिव्हाइस आकडा टिपून घ्यायचा, कारण डब्यावर छापलेल्या नावाखाली आत कुठलीही चिप निघू शकते. आणि यादीत 'ईएम०' किंवा 'आरएल०' असं रीतसर नाव असेल, तर ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलंय आणि गडबड त्याच्या पुढे आहे.

तुमचं वर्णन तिसऱ्या प्रकारात बसतं. वॉचडॉग टाइमआउटचा अर्थ एवढाच की ड्रायव्हरने पॅकेट पाठवायला दिलं आणि 'गेलं' अशी पोच ठरावीक वेळात आली नाही, म्हणून त्याने कार्ड रीसेट केलं. पोच येते इंटरप्टमधून, म्हणजे 'माझ्याकडे बघ' असा जो इशारा उपकरण प्रोसेसरला देतं त्यातून. तेव्हा 'व्हीएमस्टॅट -आय' पण चालवा, कुठल्या लाइनवर सेकंदाला किती इंटरप्ट येताहेत ते दिसेल.

आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा केस उघडायच्या आधी मॉनिटर लावा. काहीही बदलायच्या आधी. पडद्यावर काय आहे ते वाचा.


रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:१०

सुटेभाग यांच्याशी सहमत, तरी कार्डांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण जुन्या मशीनवर फायरवॉल बसवणारा प्रत्येक जण यातून जातो.

पीएफसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं आहे, त्यामुळे फ्रीबीएसडीला जे कार्ड कळतं तेच त्याला कळतं. २०२१ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १३ मध्ये १०/१०० मेगाबिटच्या जुन्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले. एनई२००० जातीच्या कार्डांचा 'ईडी' गेला, थ्रीकॉम ३सी५०९ चा 'ईपी' गेला. इंटेल प्रो/१०० चा 'एफएक्सपी' आणि ८१३९ चा 'आरएल' राहिले, कारण ती कार्डं अजून पुष्कळ ठिकाणी चालू होती. म्हणून 'मागच्या आवृत्तीवर चालत होतं' हे अपग्रेडनंतर पुरेसं नसतं. त्या त्या आवृत्तीची हार्डवेअरची यादी उघडून बघावी.

८१३९ वाईट नाही, पण कष्टाचं सगळं काम प्रोसेसरवर टाकतं. आलेली पॅकेट एका सलग बफरमध्ये टाकत जातं, ड्रायव्हरला तिथून प्रत्येक पॅकेट उचलून दुसरीकडे नकलून ठेवावं लागतं. तुमच्या प्रोसेसरला १०० मेगाबिटला ते जड नाही.

साधा पीसीआय स्लॉट ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झचा. सेकंदाला १३३ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम १ गिगाबिट, आणि तोही बसवरच्या सगळ्या कार्डांमध्ये वाटून, जाण्यायेण्याचा मिळून. एका स्लॉटात वॅन (इंटरनेटची बाजू) आणि शेजारी लॅन (घराची बाजू) अशी दोन गिगाबिट कार्डं लावली की प्रत्येक पॅकेट त्याच बसवरून दोनदा जातं. तुमचं एक पोर्ट बोर्डावर आहे त्यामुळे ही अडचण निम्मी झाली आहे. लाइन शेदोनशे मेगाबिटची असेल तर पीसीआयवरचं जीटी कार्ड आरामात पुरेल.

इंटेलच्या त्या कार्डांवर माझा भरवसा आहे. सहसा ती अशी तुटत नाहीत.


शून्य_एक
मंगळवार, सकाळी ८:०५

माफ करा, पण एवढा खटाटोप कशासाठी? असं मशीन निवांत बसलेलं असतानाही ६० वॅट खातं असं धरलं, तर २४ तास, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला ५२६ युनिट. पंखा नसलेली छोटी फायरवॉल पेटी १० वॅटमध्ये चालते, वर्षाला ८८ युनिट. शिवाय कोअर टू मध्ये एईएस-एनआय (सांकेतीकरण जलद करणारी प्रोसेसरमधली सोय) नाही, ते २०१० च्या वेस्टमिअर प्रोसेसरांपासून आलं. व्हीपीएन लावलं की प्रोसेसर धापा टाकणार.


उंबरठा
मंगळवार, सकाळी ९:३०

शून्य_एक, आकडे बरोबर आहेत आणि ते मी नाकारत नाही. कधीतरी छोटी पेटी घेईनच. पण हेच मशीन उघडून मी नेटवर्क शिकले. व्हीलॅन म्हणजे काय, नॅट म्हणजे काय, नियम वरून खाली वाचले जातात म्हणजे काय, सगळं याच्यावर चुका करत कळलं. ते का बिघडतंय हे न कळता बाजूला ठेवणं मला पटत नाही. व्हीपीएनचं म्हणाल तर वायरगार्ड वापरते, त्याची सांकेतिक पद्धत चाचा२० आहे, तिला एईएस-एनआय लागत नाही.

सुटेभाग, 'काहीही बदलायच्या आधी' हे वाक्य लागलं. मी दर वेळी आधी स्क्रू काढत आले. रात्रपाळी, धन्यवाद, अपग्रेडच्या आधी आता यादी बघत जाईन.


डाळिंबी
मंगळवार, दुपारी १:१५

उंबरठा, केस उघडाल तेव्हा प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर नीट बघा. १९९९ ते २००७ च्या सुमारास निघालेल्या अनेक बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर लागले होते. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल, तर तो बोर्ड वेगवेगळी सोंगं घेतो. माझ्या मशीनवर आधी मेमरी खराब वाटली, मग डिस्क, मग कार्ड. तीन भाग बदलून झाल्यावर फुगलेला कपॅसिटर दिसला. थंड असताना मशीन उठत नसे, तापलं की चालायचं.

मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून ठेवा. एक जरी चूक निघाली तरी मेमरी बदलल्याशिवाय पुढच्या कुठल्याही लक्षणावर विश्वास ठेवू नका.


उंबरठा
बुधवार, रात्री १०:५०

आज सकाळी मशीन बंद करून तार भिंतीतून काढून ठेवली, संध्याकाळी लावली. दुखणं मुद्दाम ओढवून घेतलं. कार्डाला हात लावला नाही, फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड.

तार लावली, मशीन आपणहून सुरू झालं नाही. बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं : 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड', आणि खाली 'पुढे जायला एफ१ दाबा'. मशीन तिथेच थांबलेलं. दीड वर्ष हे माझ्या नजरेआड घडत होतं. पंखा फिरतोय, नेटवर्क नाही, आणि ते बिचारं एफ१ ची वाट बघत बसलेलं.

मी एफ१ दाबलं नाही. नेहमी करते तेच केलं, बटण दाबून बंद करून परत चालू केलं. या वेळी न थांबता पीएफसेन्सपर्यंत गेलं. शेलमध्ये तारीख विचारली तर १ जानेवारी २००८.

पीसीआयकॉन्फच्या यादीत ईएम० व्यवस्थित आहे, ड्रायव्हरसकट. व्हीएमस्टॅटमध्ये हे दिसलं :

आयआरक्यू१८ : ईएम० यूएचसीआय२+ … सेकंदाला ४८ हजारांच्या वर

बाकीच्या लाइनी दहा, चाळीस, दोनशे अशा. घरातली सगळी उपकरणं बंद होती, लॅनवर काहीही रहदारी नव्हती. मेमटेस्ट काल रात्रभर चालवला, एकही चूक नाही. कपॅसिटर सगळे सपाट.

आता हे कसं वाचायचं? आयआरक्यू१८ च्या पुढे दोन नावं आणि अधिकचं चिन्ह का आहे?


सुटेभाग
बुधवार, रात्री ११:४५

अहो, जवळजवळ सगळं उत्तर तुम्हीच लिहिलंत. सावकाश सांगतो, कारण इथे तीन तक्रारी एकाच मुळापाशी जातात.

मूळ : बोर्डावरची बटण-बॅटरी. सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाची, ३.२ मिलिमीटर जाडीची, ३ व्होल्टची. मशीन बंद असलं तरी तार भिंतीत असेपर्यंत पॉवर सप्लाय स्टँडबाय वीज देत असतो, बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्यावर जगतात. वीज पूर्ण गेली की सगळा भार बॅटरीवर. तुमची बॅटरी इतकी उतरली आहे की थोडा वेळ तग धरते, रात्रभर धरत नाही. पंधरा मिनिटांत वीज आली तर काही होत नाही, ते यामुळे.

सेटिंग पुसली गेली की पहिली जाते 'वीज परत आल्यावर चालू हो' ही. म्हणून मशीन आपणहून उठत नाही. मग साठवलेल्या सेटिंगचा पडताळा (चेकसम) जुळत नाही म्हणून एफ१. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तोवर मूळ सेटिंग भरली गेली होती आणि तार भिंतीत असल्याने टिकली, म्हणून दुसऱ्या वेळी बायोसने तक्रार केली नाही. तुम्हाला वाटलं मशीन उठलं. उठलं, पण कारखान्यातल्या सेटिंगवर.

साइट न उघडण्याचं कारण घड्याळ. पीएफसेन्सचा डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून आकडी पत्ता शोधणारा) मूळ सेटिंगमध्ये डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवरच्या सह्या, तपासतो. त्यातल्या प्रत्येक सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मशीनच्या लेखी २००८ साल चालू असेल तर आजची प्रत्येक सही भविष्यातली ठरते आणि रिझॉल्व्हर ती खोटी म्हणून टाकून देतो. घड्याळ नीट करायला वेळेचा सर्व्हर लागतो, तो नावाने लिहिलेला असतो, आणि नावाचं उत्तर मिळत नाही. पिंग आकड्यांना जातं, नावांना जात नाही, ते याच गाठीमुळे. तात्पुरता उपाय म्हणजे शेलमध्ये तारीख हाताने घालणं. वेळेचा एक सर्व्हर आकडी पत्त्याने लिहून ठेवला तर ही गाठ पुन्हा पडत नाही.

आता आयआरक्यू१८, म्हणजे इंटरप्टची १८ क्रमांकाची लाइन. जुन्या पीसीआयमध्ये इंटरप्टच्या चारच तारा असतात, ए, बी, सी, डी, आणि स्लॉट, यूएसबी, साउंड हे सगळे त्यांवर वाटून घेतलेले. बोर्ड बनवणाऱ्याने ही वाटणी तांब्यातच आखलेली असते. तुमच्या त्या ओळीचा अर्थ असा की कार्डाचा स्लॉट आणि यूएसबीचा एक कंट्रोलर एकाच तारेवर आहेत. अधिकचं चिन्ह म्हणजे त्याच तारेवर आणखीही कोणी आहे, नाव ओळीत मावलं नाही.

एकाच तारेवर चौघे असण्यात मुळात वावगं काही नाही. उपकरण तार खाली ओढतं आणि त्याचं काम होईपर्यंत सोडत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या तारेवरच्या एकेका ड्रायव्हरला विचारतो, तुझं आहे का? ज्याचं असेल तो काम उरकतो, तार सुटते. पण एखाद्या उपकरणाने तार ओढून धरली आणि ते आपलं आहे असं कुठलाच ड्रायव्हर म्हणत नसेल, तर तार सुटतच नाही. कर्नल विचारून परत येतो तोच पुन्हा इंटरप्ट. हे तुमचे सेकंदाला ४८ हजार. त्या गर्दीत कार्डाची खरी पोच हरवते आणि वॉचडॉग कार्ड रीसेट करतो. कार्डाचा दोष शून्य.

आणि कार्ड बदललं की बरं का वाटायचं? पहिल्या लेखात कंसात लिहिलंत ते परत वाचा. दर वेळी कार्डासोबत तुम्ही बायोसमध्ये जाऊन जादाचे यूएसबी आणि साउंड बंद करत होतात. गुण त्याचा होता, श्रेय कार्डाला गेलं.

मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा. नवी ३ च्या किंचित वर दाखवते. २.७ च्या खाली असेल तर विचार न करता बदला. बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, तार भिंतीतून काढा, अधिकची बाजू वर ठेवा.


रात्रपाळी
गुरुवार, पहाटे ५:३०

मी कार्डांवर लिहीत बसलो आणि कंसातलं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. सुटेभाग, सलाम.

एक सूचना. काही जुन्या सल्ल्यांमध्ये इंटरप्टची भानगड मिटवायला बायोसमध्ये एपिक (इंटरप्टची वाटणी करणारा भाग) बंद करा असं लिहिलेलं असतं. ते ३२ बिटच्या काळातलं आहे. ६४ बिट फ्रीबीएसडीचा नेहमीचा कर्नल एपिकशिवाय उभाच राहत नाही, पॅनिक होतो. एपिक चालूच ठेवा. 'प्लग अँड प्ले ओएस' असा पर्याय दिसला तर 'नो' करा, म्हणजे उपकरणांची वाटणी बायोस स्वतः पूर्ण करून देईल.

आणि यूएसबी बंद करण्यापेक्षा कार्ड दुसऱ्या पीसीआय स्लॉटात टाकून बघा. तारांची वाटणी प्रत्येक स्लॉटला वेगळी असते. सेटिंग पुसली जाऊ शकते, स्लॉट जागचा हलत नाही.


डाळिंबी
गुरुवार, सकाळी ११:००

+१. कार्ड हलवल्यावर नावाकडे लक्ष असू द्या. एकाच जातीची दोन कार्डं असतील तर स्लॉट बदलल्याने ईएम० आणि ईएम१ यांची अदलाबदल होऊ शकते, मग वॅनचे नियम लॅनवर लागतात. आणि कार्डाची जात बदलली, म्हणजे आरएल०च्या जागी ईएम० आलं, की पीएफसेन्सला कॉन्फिगरेशनमधलं नाव सापडत नाही. ते इंटरफेस नेमून द्या म्हणून कन्सोलवर थांबून राहतं. मॉनिटर नसेल तर बाहेरून मेल्यासारखंच दिसतं.


शून्य_एक
गुरुवार, संध्याकाळी ७:२०

परवाचं जरा घाईत लिहिलं. हे सगळं वाचून मीही माळ्यावरून असंच एक मशीन काढलंय. माझ्याकडे इंटेलचं दोन पोर्टांचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आहे. ते ग्राफिक्सच्या लांब स्लॉटात लावलं की मशीन सुरूच होत नाही, पडदा काळा. कार्ड काढलं की चालू. कार्ड नव्या संगणकात व्यवस्थित चालतं. हा पण इंटरप्टचाच प्रकार का?


रात्रपाळी
गुरुवार, रात्री ९:००

नाही, इंटरप्ट फार पुढची गोष्ट. तुमचं मशीन बायोसची सुरुवातीची तपासणीच ओलांडत नाही. कोअर टू च्या काळातल्या काही बोर्डांवर आणि सर्व्हरसाठी बनवलेल्या कार्डांवर हे हमखास दिसतं. पीसीआय एक्सप्रेसच्या बी५ आणि बी६ या दोन पिनांवर एसएमबस नावाची छोटी संदेशवाहिनी असते. मेमरीची पट्टी आपली माहिती बायोसला याच जातीच्या वाहिनीवरून देते. कार्ड तिथे मध्ये बोलायला लागलं की बायोसला मेमरी वाचता येत नाही आणि सगळं ठप्प.

उपाय साधा आहे. त्या दोन पट्ट्यांवर उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून संपर्क तोडायचा. नेटवर्कच्या कामाला त्या लागत नाहीत. घटक बसवलेली बाजू म्हणजे बी बाजू, कड्याकडून मोजत पाचवी आणि सहावी पट्टी. शेजारच्या पट्टीवर चिकटपट्टी जाऊ देऊ नका, भिंग घेऊन करा.

त्याने नाही झालं तर दुसरी शक्यता : काही बोर्ड लांब स्लॉटात ग्राफिक्स कार्डाशिवाय काही स्वीकारत नाहीत, किंवा तिथे काहीही लावलं की बोर्डावरचं ग्राफिक्स बंद करतात. बायोसमध्ये पहिला डिस्प्ले म्हणून बोर्डावरचाच निवडा.

फायदा मात्र आहे. पीसीआय एक्सप्रेसचं उपकरण इंटरप्ट तारेने न देता संदेशाने देऊ शकतं, एमएसआय म्हणतात त्याला. वाटून घ्यायची तारच राहत नाही, त्यामुळे उंबरठा यांचा आजार तिथे सहसा होत नाही.


शून्य_एक
शुक्रवार, रात्री ८:४५

चिकटपट्टी लावली, मशीन उठलं! दोन्ही पोर्टं दिसताहेत. पण आता इन्स्टॉलर यूएसबीवरून सुरू होतो आणि मध्येच 'माउंटरूट' असं लिहून थांबतो.


सुटेभाग
शुक्रवार, रात्री ९:१०

जुना यूएसबी कंट्रोलर पेनड्राइव्ह ओळखायला वेळ लावतो, तोवर कर्नल रूट (ज्यावरून सिस्टिम उभी राहते ती जागा) शोधून मोकळा होतो. लोडरच्या मेन्यूत ३ दाबून प्रॉम्प्टवर जा, 'केर्न डॉट कॅम डॉट बूट अंडरस्कोर डिले' ला १०००० द्या आणि 'बूट' म्हणा. ही किंमत मिलिसेकंदात असते, म्हणजे १० सेकंद. पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टात लावा.

पुढे डिस्क वाटताना, जीपीटी या नव्या विभागणीवरून तुमचं मशीन सुरू झालं नाही तर जुनी एमबीआर निवडा. जुन्या काही बायोसना जीपीटीतली डिस्क बूट करण्याजोगी वाटतच नाही.


उंबरठा
रविवार, सायंकाळी ६:३०

सगळं सविस्तर लिहिते, कारण माझा एक समज पूर्ण चुकीचा निघाला.

बॅटरी मोजली : २.३ व्होल्ट. नवी घातली, फोटो बघून सेटिंग भरली, 'वीज आल्यावर चालू हो' सुरू केलं. एवढ्यानेच मशीन सरळ झालं. पण मला इंटरप्टचं कोडं सोडायचं नव्हतं, म्हणून शनिवारी मुद्दाम बायोस मूळ सेटिंगवर नेला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत, प्रत्येक वेळी व्हीएमस्टॅट बघत गेले.

मूळ सेटिंग : आयआरक्यू१८ वर ४८ हजार. फक्त साउंड बंद : तेवढेच. दीड वर्ष माझा सगळा राग साउंडवर होता आणि त्याचा काही संबंध नव्हता. साउंड परत चालू, पॅरलल पोर्ट बंद : तेवढेच. मग यूएसबीचे कंट्रोलर एकेक करून. तिसरा बंद केला आणि आकडा ४८ हजारांवरून थेट सेकंदाला सहावर आला. परत चालू केला, परत ४८ हजार. तीनदा करून पाहिलं.

मग रात्रपाळी यांनी सांगितलं तसं कार्ड शेजारच्या स्लॉटात हलवलं, बायोस पूर्ण मूळ सेटिंगवर, काहीही बंद न करता. ईएम० आता आयआरक्यू१९ वर आलं, ओळीत दुसरं नाव नाही. १८ वर अजून गर्दी उसळते, पण तिथे आता नेटवर्क नाही. लॅन चार तास अखंड, लॉगमध्ये वॉचडॉगची एकही ओळ नाही. तो तिसरा कंट्रोलर तरीही बंदच करून ठेवला, प्रोसेसरला उगाच काम कशाला.

शेवटी सगळ्यात आधी काढून टाकलेलं ८१३९ चं कार्ड आणलं, त्याच स्लॉटात बसवलं, कन्सोलवर इंटरफेस नेमून दिला. पूर्ण १०० मेगाबिट, एकही तूट नाही. ते कार्ड मी खराब म्हणून एका पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं, वर 'चालत नाही' अशी चिठ्ठी लावून. ती चिठ्ठी काढली. प्रो/१००० परत लावलं, ८१३९ राखीव म्हणून केसशेजारी.

वेळेचा एक सर्व्हर आकडी पत्त्याने लिहिला. घड्याळ मुद्दाम २००८ वर नेऊन मशीन सुरू करून पाहिलं, मिनिटाभरात तारीख जागेवर आली आणि साइट उघडल्या.

काल रात्री तार भिंतीतून काढून झोपले. सकाळी लावली, मशीन आपणहून उठलं, मी चहा ठेवेपर्यंत नेट सुरू होतं.


डाळिंबी
रविवार, सायंकाळी ७:१५

वा! एक विनंती. बॅटरी कधी बदलली, कार्ड कुठल्या स्लॉटात आणि का, हे कागदावर लिहून केसच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्याच मशीनमध्ये तीन वर्षांनी मला आठवत नव्हतं की मी मधला स्लॉट रिकामा का सोडला होता.


उंबरठा
रविवार, सायंकाळी ७:४०

लिहिलं आणि चिकटवलं. खाली बायोसच्या पानांची सेटिंगही हाताने उतरवून ठेवली, फोटो फोनबरोबर जातात. शून्य_एक, तुमचं मशीन कुठवर आलं?


शून्य_एक
रविवार, रात्री १०:०५

एमबीआर निवडल्यावर बूट झालं. मेमटेस्ट लावलाय, दुसरी फेरी चालू आहे. बॅटरी मोजली, २.९. तरी नवी आणून ठेवली.